रिमोटची डावी बाजू

शटर निम्म्यावर येऊन अडकलं. पहिल्यापासनं ते तिथंच अडकतं. पूर्वी आमची ही खालच्या पट्टीला खालनं बुक्की हाणायची आणि शटर खडाखडा वर जायचं. काल मीही हाणली. शटर तसंच राहिलं, मूठ मात्र अजून ठणकते आहे. शेवटी वाकून आत शिरलो.

आत बंद प्लायवूडचा वास, उंदरांचा वास. नाक जरा रुळलं तसा त्याच्या तळाचा जुना वास वर आला. शाळा सुटून आलेल्या पोरांच्या घामाचा, दप्तरातल्या शिळ्या चपातीचा, आणि टीव्हीमागं तापणाऱ्या त्या काळ्या डबीचा, जिला पोरं अडॅप्टर म्हणायची. ती डबी बारा महिने ताप आल्यागत गरम असायची. थंडीत मांजर तिला चिकटून झोपायचं.

ही आमच्या घराची पुढची खोली. मंगळवार पेठेत, रस्त्याला लागून. आधी इथं हिचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. मग तिथंच आमच्या पोरानं, बसूनं, नेट कॅफे काढला. आता दोन्ही नाही. खोली भाड्यानं जाणार, एक मोबाईलवाला घेतोय.

"उद्या ती माणसं मापं घ्यायला येणारायत, आप्पा," बसू काल सकाळी म्हणाला. "काय ठेवायचं ते बाजूला काढा. राहिलेलं भंगारवाला न्हेईल."

माळ्यावर एक खोकं होतं. खाली घेतलं, वरची धूळ हातानं सारली. आत हिच्या जुन्या पातळाचा तुकडा, हिरवा, आणि त्यात गुंडाळलेलं सगळं. गेमची पेटी, पिवळ्या कॅसेटी, दोन रिमोट. कंट्रोलर हा शब्द आम्हाला फार मागनं कळला. पेठेत सगळे रिमोटच म्हणायचे. तळहातापेक्षा जरा लांब अशी चपटी पट्टी. डाव्या बाजूला अधिकच्या खुणेसारखं एक बटण, त्यानं वर-खाली, हिकडं-तिकडं जायचं. उजव्या बाजूला दोन गोल तांबडी बटणं, त्यानं मारायचं, उडी घ्यायची. एक नंबरच्या रिमोटला मधोमध अजून एक बटण होतं, खेळ सुरू करायचं. दोन नंबरला ते नव्हतं. दोन नंबरवाल्यानं एक नंबरवाल्याची वाट बघायची.

एक नंबर हिचा. दोन नंबर माझा.

हिच्या रिमोटचा डावा भाग घासून गुळगुळीत झालाय. अधिकच्या खुणेचे कोपरे गेलेत. मी त्यावर अंगठा ठेवला आणि लगेच काढला. दुसऱ्याच्या चपलेत पाय गेल्यावर काढतो तसा.

नीलव्वा तिचं नाव. पोरं तिला नीलाक्का म्हणायची. माहेर कागलच्या पुढं, अगदी सीमेवरच्या गावात. घरात कन्नड, बाजारात मराठी, अशा घरातली. मी उद्यमनगरातल्या फौंड्रीत मोल्डर, काळ्या वाळूत साचे मारायचे. हातात वाळू, कानात वाळू, जेवताना दाताखाली वाळू. गेमचं दुकान कुणी सुचवलं, पहिली पेटी कुठनं आली, ते आता मी सांगत बसत नाही. एक दिवस फौंड्रीतनं आलो तर पुढच्या खोलीत टीव्ही, टीव्हीपुढं घोंगडं, घोंगड्यावर पोरं, आणि त्यांच्यात ही मांडी घालून बसलेली. डोक्यावरचा पदर जागेवर, हातात रिमोट, आणि तोंडानं पेठेतल्या तालमीला ऐकू जाईल एवढा आवाज.

"अवं, चप्पल भाईर काढा. वायरीवर पाय पडंल."

माझ्याच घरात मला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत खोली शेकायची. पंखा फिरायचा, पण टीव्हीतनं येणारी आग आणि पोरांच्या अंगाची आग, पंखा काय करणार. ही मधल्या घरातनं पन्ह्याची कळशी आणून ठेवायची. पावसाळ्यात भिंती घामेजायच्या, पडद्यावरचं चित्र वरनं खाली सरकत राहायचं आणि ही टीव्हीच्या डोक्यात चापट मारायची. पंचगंगेला पाणी चढलं की वीज जायची. मग पोरं अंधाऱ्या खोलीत बसून, हातात बंद रिमोट धरून, तोंडानंच खेळायची. "मी तुला मारलं." "कवा मारलं? मी वर गेलतो की." हिनं निवाडा द्यायचा. हिनं म्हटलं मेलास, की तो मेला.

आणि थंडी. थंडीत गुऱ्हाळं सुरू झाली की वाऱ्यावर रसाचा वास पेठेपर्यंत यायचा, आणि पोरांच्या बोटांवरनं तो रस रिमोटमध्ये जायचा.

"नीलाक्का, ह्येचं बटण दबंना झालंय."

"बटण दबंना का तुला दाबाय येत न्हाय? आण हिकडं. काय खाल्लंस मगाशी?"

"काय न्हाय."

"मग ही काकवी कुणाची, माझ्या सासूची?"

मग ती बारीक पेचकस घेऊन बसायची. रिमोट उघडला की आत काय असतं, तर एक हिरवी पट्टी आणि मऊ रबराची टोपणं. एवढंच. त्या टोपणांच्या खालचा काळा ठिपका झिजला की बटण मुकं होतं. मग पानटपरीवरनं सिगारेटच्या पाकिटातली चांदी आणायची, मुगाएवढी कातरायची, ठिपक्यावर चिकटवायची. मुकं बटण परत बोलायला लागायचं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. टपरीवाला तिच्यासाठी चांदी साठवून ठेवायचा आणि मला म्हणायचा, "तुमची बायको सिगारेट वडाय लागली काय वं?"

कॅसेट लागली नाही की पोरं तिच्यात फुंकर मारायची. हिला ते खपायचं नाही. "थुकी जाती आत, गंज चढतोय." ती चुलीची फुंकणी आणायची आणि फुंकणीनं फुंकायची. लोखंडी नळी, आणि तिच्या टोकाला ती पिवळी कॅसेट. नवीन आलेलं पोर हसलं की जुनी पोरं त्याला गप्प करायची. फुंकणीनं फुंकलेली कॅसेट लागायचीच.

उद्यमनगरला सोमवारी सुट्टी. दुपारी पोरं शाळेत, खोली मोकळी. जेवणं झाली की ती भांडी तशीच ठेवून म्हणायची, "या की." एवढंच. मी घोंगड्यावर तिच्याशेजारी बसायचो.

आमचा एकच खेळ. टँकचा. खाली विटांच्या कुंपणात आपलं घर. वरनं शत्रूचे टँक येतात, घर फोडायला. एक पिवळा टँक, एक हिरवा, दोघांनी मिळून घर राखायचं. पिवळा तिचा. तिनं मधलं बटण दाबायचं, सुर्र करून सूर वाजायचा, आणि सुरू.

"अवं, घराकडं बघा की! घर पडाय लागलंय आणि तुम्ही कुठं हिंडायलाय?"

"मारतोय की."

"काय मारताय? भिंती फोडाय लागलाय नुसत्या. होडी! होडी!"

घाईला आली की तिची मराठी सुटायची. होडी म्हणजे कन्नडमध्ये मार, हाण. दुकानातली पोरं तिला चिडवायची, "नीलाक्का, ह्या खेळात पाणीच न्हाय, होडी कशी आणू?" ती त्यांच्या पाठीत धपाटा घालायची. पण पुढं सगळी पेठ होडी म्हणायला लागली. गल्लीत क्रिकेट खेळतानासुद्धा, चेंडू मिळाला की, होडी!

माझे अंगठे भट्टीनं भाजून भाजून सालपटासारखे झालेले. बटण दबलं का नाही ते मला कळायचंच नाही. मी आपला जोर लावून दाबायचो, आणि रिमोट करकरायचा. ती म्हणायची, "साचा न्हवं त्यो, हळू." आणि हसायची. पडद्यावर माझा हिरवा टँक एखाद्या कोपऱ्यात अडकलेला, आणि तिचा पिवळा सगळ्या पडद्यावर. घर तीच राखायची. मी नुसता संगतीला.

उडी मारायची असली की पोरं आख्खा रिमोट हवेत उचलायची. गाडी वळवायची असली की सगळं अंग वळवायची, शेजारचा कलंडायचा. वायर आखूड असल्यामुळं सगळ्यांना टीव्हीजवळ, एकमेकांना चिकटून बसावं लागायचं. मला तर वाटतं, त्या खेळात जे काही होतं ते त्या आखूड वायरीमुळं होतं.

बसूनं कॉम्प्युटर आणले तेव्हा घोंगडं गेलं. टेबलं आली, खुर्च्या आल्या, प्लायवूडच्या आडभिंती आल्या. प्रत्येकाचा पडदा वेगळा. पाठीला पाठ लावून पोरं बसायची, कानाला हेडफोन. डाव्या हाताची बोटं कीबोर्डवर, उजवा हात माउसवर. मी दारात उभा राहिलो की नुसता आवाज यायचा, सुपात शेंगा पाखडल्यागत. शेजारच्या खुर्चीवरच्याला मारायचं असलं तरी त्याच्याकडं बघायचं नाही, पडद्यातच बघायचं. अंग हलायचं नाही कुणाचं. नुसती मनगटं.

खोटं बोलणार नाही, माउस तिखट होता. बसू जेवताना आईला, त्याच्या अव्वाला, सांगायचा. "रिमोटनं नेम धरायचा म्हणजे बैलगाडी मागं घेतल्यागत हाय. हिकडं जरा, तिकडं जरा. माउसचं तसं न्हाय, अव्वा. नजर गेली की बाण गेला. लांबच्या माणसाच्या केसात गोळी घालता येती."

"केसात कशाला घालतोस? केसांनी काय केलंय तुझं?"

"अगं अव्वा, नेम म्हणतोय मी."

"आन शेजारी कोण बसतंय तुझ्या?"

"शेजारी कशाला बसाय पायजे कुणी?"

तिनं त्याच्या ताटात भाकरी टाकली.

तिनं माउस धरून बघितला एकदा. टेबलाच्या कडेपर्यंत ढकलत नेला आणि थांबली. "ह्येचा रस्ता सपला की रं."

"उचल आणि परत मागं ठेव, अव्वा."

"उचलला तर बाण पळंल की."

बसू हसला, मीही हसलो. ती माउस टेबलाच्या कडेला तसाच धरून बसली, हातातनं पाखरू सुटेल अशा भीतीनं. मग रिमोट पातळाच्या तुकड्यात गुंडाळले गेले आणि खोकं माळ्यावर गेलं. आमचे सोमवारही गेले. मी निवृत्त झालो तसे सगळेच दिवस सोमवार झाले, आणि एकही राहिला नाही.

त्या कॅफेतल्या कीबोर्डांवर चार बटणांची अक्षरं पुसून गेलेली. सगळ्यांवर तीच चार, डाव्या हाताखालची. पोरं चालायला तीच वापरायची. मला ती कोरी बटणं बघून हिच्या रिमोटची डावी बाजू आठवायची. माणूस काहीही धरू दे, डाव्या हातानं चालतो आणि उजव्यानं मारतो, एवढं मला त्यावरनं कळलं.

एका सकाळी तिच्या हातातनं पिठाची परात पडली. उजवी बाजू गेली. त्याचं बाकीचं मी लिहीत नाही. दवाखान्यातनं घरी आणली तेव्हा उजवा हात मांडीत पडलेला, ओठाची एक कड खाली, आणि बोलणं नाही. तोंड उघडायची, आतनं काहीतरी वर यायचं, दातांपर्यंत यायचं आणि परत जायचं. डोळे सगळं बोलायचे, पण मला डोळ्यांचं काय कळणार? मला आवाजाची सवय.

डॉक्टर म्हणाले, बोलतं करा. जितकं बोलवाल तितकं येईल. नाही बोलवलंत तर असंच राहील.

मी काय बोलवणार? आयुष्यभर तीच बोलायची आणि मी हूं म्हणायचो. आता मी बोलायचो, "पाणी पायजे? पाणी म्हण. पाऽणी." ती माझ्याकडं बघायची आणि तोंड मिटायची. कुकरची शिट्टी झाली तरी आमचं घर दचकायचं, इतकी शांतता. शेजारणी यायच्या, मोठ्यानं बोलायच्या, जणू हिला ऐकू येत नाही. त्या गेल्या की ही भिंतीकडं तोंड करायची.

डावा हात मात्र शाबूत होता. आमच्यात इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतात. मी तिच्या तळहातावर लिंग ठेवायचो, विभूती मी लावायचो, आणि ती त्याच्याकडं बघत बसायची. हात जरासुद्धा डळमळायचा नाही. तेवढा वेळ ती पहिल्यासारखी दिसायची.

बसूनं जीव तोडून केलं, हे मी म्हणणारच. कॅफेतला एक कॉम्प्युटर त्यानं मधल्या घरात आणला. माउस डाव्या बाजूला ठेवला, त्याची बटणं आतनं उलटी करून घेतली. "एकाच हाताचं काम हाय, अव्वा. रिमोटला दोन हात लागत्यात, ह्येला एकच." बरोबर होतं त्याचं. पत्त्यांचा खेळ लावून दिला, रंगीत गोट्यांचा लावून दिला. ती माउस ढकलायची. बाण सरकायचा. "हितं दाब. शाब्बास!" ती दाबायची. पत्ता उलटायचा. ती बसूकडं बघायची, पाहुण्याकडं बघतात तसं, त्याचं मन मोडू नये म्हणून. मग हात काढून घ्यायची. पडद्यावर बाण जिथल्या तिथं. घरात एक शब्द नाही.

एका सोमवारी दुपारी मी माळ्यावरनं खोकं काढलं. ठरवून नाही. बसू पुढं कॅफेत होता. छोटा टीव्ही जोडला, कॅसेट फुंकणीनं फुंकली. फुंकणी बघून तिनं मान माझ्याकडं वळवली. मी घोंगडं टाकलं, तिला खाली घेतलं आणि एक नंबरचा रिमोट तिच्या हातात दिला. डाव्या हातानं तिनं तो धरला, पण उजवी बाजू खाली कलंडली आणि रिमोट मांडीवर पडला. परत दिला. परत पडला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला माझाच राग आला.

मग मी तिच्या उजव्या अंगाला जाऊन बसलो. चिकटून. तिची पडलेली बाजू माझ्या अंगावर घेतली, डावा हात तिच्या पाठीमागनं टाकला, आणि उजव्या हातानं रिमोटची उजवी बाजू धरली. डावी तिनं धरली. एक रिमोट, दोघांच्या मधे.

तिचा अंगठा अधिकच्या खुणेवर बसला, आपल्या जागेवर. मग तो सरकत मधल्या बटणाकडं गेला. सुर्र करून सूर वाजला. पिवळा टँक हलला, वर गेला, वळला, विटांच्या आडानं परत खाली आला. तिला काहीही विसरलं नव्हतं. मी पडद्याकडं बघतच नव्हतो, तिच्या अंगठ्याकडं बघत होतो.

"होडी."

मला कळलं नाही. कुणीतरी बाहेरनं बोललं असं वाटलं.

"होडी की!"

तोच आवाज. जाडसर झालेला, ओठाच्या एका कडेनं आलेला, पण तोच. चिडलेला. मी बटण दाबलं. दाबलं म्हणजे काय, दाबतच सुटलो. भिंती फोडल्या, विटा फोडल्या, तिनं टँक कुठं वळवलाय ते न बघता आपल्याच घरावर गोळा घातला. घर फुटलं. खेळ संपला. तिनं माझ्याकडं बघितलं आणि अर्ध्या तोंडानं हसली.

आरडाओरडा ऐकून बसू धावत आला. दारात उभा, गळ्यात हेडफोन लोंबतोय. "आप्पा, कोण बोललं?"

"तुझी आई. मला शिव्या द्यायलीया."

तो आत आला नाही. चौकटीला टेकून राहिला आणि बाहीनं तोंड पुसत राहिला.

त्या दिवसापासनं आम्ही रोज बसायचो. चालवायचं तिनं, मारायचं मी. तिनं होडी म्हणायचं आणि मी दाबायचं. आधी नाही, नंतर नाही. हळूहळू दुसरे शब्द आले. बा म्हणजे ये. साकू म्हणजे पुरे. नीरू म्हणजे पाणी. मराठी फारशी आली नाही. जन्मभर मी तिच्या माहेरची भाषा शिकलो नव्हतो, ती म्हातारपणी घोंगड्यावर बसून शिकलो. मी नीरू म्हटलं की ती माझा उच्चार ऐकून डोळे मिटायची, खायच्या सुपारीत खडा लागल्यागत.

पुढं पुढं आम्हाला जमलं ते. तिचा अंगठा वळला की माझा तयार व्हायचा. शेजारच्या म्हाताऱ्या बघायला यायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या. हसू देत. फौंड्रीत ओतकाम करताना धातूची बादली दोघं धरतात, एक पुढं, एक मागं, आणि पुढच्यानं हाक दिल्याशिवाय मागच्यानं कलंडवायची नसते. मी जन्मभर मागचाच.

बाहेर बसूचा कॅफे हळूहळू रिकामा होत गेला. घराघरात नेट आलं. एकेक खुर्ची उठली. तो कागलच्या एमआयडीसीत कामाला लागला, तिथंही कॉम्प्युटरवरच. आत आमचा पिवळा टँक चालूच होता.

आणि मग तीही गेली.

आमच्यात माणसाला बसवून माती देतात. तिला बसवली. डाव्या तळहातावर लिंग ठेवलं. बोटं मिटवताना स्वामींनी मला पुढं बोलावलं. तिच्या अंगठ्याच्या पोटावर एक घट्टा होता, डाळीएवढा. इतकी वर्षं तो माझ्या हाताशेजारी होता, तरी मला माहीत नव्हता.

ती गेल्यावर मीच माळ्यावर ठेवलेलं ते खोकं काल पुढ्यात घेऊन मी बसलो. मग आतनं छोटा टीव्ही, घोंगडं आणि स्वयंपाकघरातनं फुंकणी आणली. टीव्ही तापायला वेळ लागला, रंग उडालेले, पिवळा टँक पांढुरका दिसत होता. मधलं बटण मीच दाबलं. सूर वाजला. रिमोट दोन्ही हातांनी धरला, धडधाकट माणूस धरतो तसा. आणि टँक भिंतीत जाऊन घुसला. वळवला तर दुसऱ्या भिंतीत. माझ्या डाव्या अंगठ्याला काही म्हणजे काही येत नाही. त्याला कधी कामच पडलं नव्हतं.

मग मी घोंगड्याच्या उजव्या कडेला सरकलो. डावीकडं जागा ठेवली. नुसत्या उजव्या हातानं रिमोटची उजवी बाजू धरली. डावी खाली कलंडली. टँक घरापाशी उभा, हलत नाही. वरनं शत्रू आले, वळले, विटा फोडायला लागले. माझा अंगठा बटणावर. तो काही दबला नाही. घर फुटलं.

मागं शटर खडखडलं. बसू कामावरनं आला होता, वाकून आत शिरला. पडद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, डावीकडच्या मोकळ्या जागेकडं बघितलं. चपला बाहेर काढून आला, त्या जागेवर मांडी घालून बसला आणि रिमोटची डावी बाजू धरली.

त्यानं चांगला चालवला, हे सांगायला पाहिजे. जन्मभर डाव्या हातानं ती चार बटणं चालवलेला पोरगा, तिच्यापेक्षाही सफाईदार चालवला. "मारा, आप्पा," तो म्हणायचा आणि मी मारायचो. तरी आमचं घर पडलं. परत लावलं, परत पडलं.

"आप्पा, उशीर व्हायलाय तुमचा," बसू म्हणाला.

"मारतोय की."

"मारताय, पण मी सांगितल्यावर जरा थांबताय."

माझा अंगठा आधी तिच्या शब्दाची वाट बघतो. तो आला नाही की मग ह्याच्या शब्दावर उठतो. तेवढ्यात गोळी येऊन जाते.

"ह्यो रिमोट न्हेऊ नका म्हणावं भंगारवाल्याला," मी म्हटलं. "माझा न्हेला तर न्हेऊ दे."

"व्हय," बसू म्हणाला. मग, "अजून एक डाव लावू?"

"लाव."

त्यानं मधलं बटण दाबलं. सूर वाजला. त्यानं टँक वर नेला, वळवला, शत्रूसमोर आणून उभा केला आणि मारा म्हणाला.

मी बटणावर अंगठा ठेवून थांबलो.